टिचबटणं

फेब्रुवारी सरत आला की चोपड्यात
पहिल्यांदा माझ्या दुकानाच्या पत्र्याला कळतं,
मग दामिनी फिरकेला.
स्कूटी उभी करते, तोंडावरचा स्कार्फ सोडते,
फोन माझ्या कातरीपाशी ठेवते :
"काकू, औंदा हे चालणारे."

फोनमध्ये एक बाई चालते.
कुठल्याशा गार गावात, दिव्यांच्या दोन रांगांमधून.
बघायला बसलेले सगळे ओव्हरकोटात
आणि ही उन्हाळा घालून.
लोण्याच्या रंगाचा झिरझिरीत शर्ट,
बाह्या एवढ्या लांब की हात धुवायचे
तर आधी कोणाला तरी हाक मारावी,
पँट गुडघ्याशी फुगलेली, घोट्याशी आवळलेली,
गव्हाच्या कोठीसारखी.
चेहरा मात्र बँकेत पासबुक भरायला उभं असल्यागत.
"हिला घाम येत नाही?"
"काकू, घाम ट्रेंडमध्ये नसतो."

मी टेप घेते. छाती चौतीस, खांदा चौदा.
एकोणतीस वर्षं मशीन मारून एवढंच कळलं :
फॅशन म्हणजे अर्धा इंच.
गळा अर्धा इंच खाली, नाहीतर घेर अर्धा इंच वर,
आणि तेवढ्यावरून
घरात चार दिवस बोलणं बंद.

दुपारी तिच्या आईचा फोन :
"ताई, अस्तर जाडच लावा. तिला सांगू नका."
संध्याकाळी तिचा :
"काकू, अस्तर नको. आईला सांगू नका."

बाजाराच्या दिवशी सातपुड्याकडची बस आली
आणि दुकानात एकदम अकरा पोरी शिरल्या.
होळी तोंडावर, त्याआधी भोंगऱ्या,
अकरा जणींना एकच कापड, एकच झालर.
रंग तेवढा ठरायचा होता.
सायकी पावरा ठाण ओढायची, उलगडायची,
बाकीच्या नाकं मुरडायच्या.
पोपटी गेल्या साली वरच्या पाड्यानं घातला,
राणी जुना झाला
(जुना म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा),
निळा दिव्यात मरतो.
मला कोणी विचारलंच नाही.

दामिनी फिटिंगला आलेली. तिनं फोन पुढं केला.
अकरा डोकी एका काचेवर वाकली.
पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.
मग सायकी म्हणाली,
"ही एकटीच का चालते?
बरोबरच्या कुठं गेल्या?"

दामिनी सांगायला लागली :
मागून दुसरी येते, मग तिसरी,
प्रत्येकीचं वेगळं असतं...
"म्हणजे भांडण झालंय,"
कोपऱ्यातली सगळ्यात लहान म्हणाली,
आणि सगळं दुकान हसलं, दामिनीसकट,
माझ्या हातातली सुई पडली ती संध्याकाळी सापडली.

शेवटी लोणी रंगच ठरला.
पण खाली चार बोटं चंदेरी लेस हवी, वर टिकल्या हव्यात,
नाहीतर लोक म्हणतील कापड धुऊन उडालंय.
अकरा ब्लाउज, चार दिवस.
मी रात्री दिवा लावून बसले
आणि त्या गार गावातल्या कोणाला तरी
ही लेस दाखवावी असं फार वाटलं.

दामिनीच्या शर्टाला अस्तर लावलं,
पण शिवलं नाही.
सोळा टिचबटणं, खांद्यापासून खालपर्यंत.
घरातून निघताना दाबायचं,
कोपऱ्यावर ओढायचं.
दोघींना सांगितलं : तुमच्या मनासारखं केलंय.

एप्रिलात पारा पंचेचाळीसवर गेला.
रस्त्याचं डांबर चपलेला धरून बोलू लागलं,
दुपारी चौकात कुत्रंसुद्धा ट्रेंडमध्ये नव्हतं.
अशात दामिनीची आई आली.
पाणी प्यायली. ठाणं उगाच चाळली.
दाराकडे पाहत, हळूच :
"ताई, ती बटणं...
माझ्या ब्लाउजला बसतील का?"

मी गळ्यातली टेप काढली.